एका हाताचा कळफलक

१/४ ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांना १९३६ मध्ये अमेरिकेत नव्या कळफलकाचे पेटंट मिळाले. पुढे ड्वोरॅक यांनी एकाच हाताने टंकणाऱ्यांसाठी डावा व उजवा असे स्वतंत्र आराखडेही रचले.

२/४ देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केला. पुण्याच्या सी-डॅकने त्याचा प्रसार केला. त्यात स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे.

३/४ ‘पाटी’ टंकताना उजवा, डावा, उजवा, डावा असे हात आलटून पालटून चालतात. वेगाचे मर्म हेच. एकहाती टंकणाऱ्याला मात्र याच शब्दासाठी कळफलक तीनदा ओलांडावा लागतो.

४/४ ‘ख’साठी शिफ्टही धरावी लागते. ‘स्टिकी कीज’ सुविधेमुळे ती आधी दाबून सोडता येते. पण अंतर तसेच उरते. प्रमाण ठरवताना दोन हात गृहीत धरले गेले होते.