पहिला निरोप : ग्रीनलंड, १९८५

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, आमच्या गावच्या वाचनालयात मी त्या विषयावर एक व्याख्यान दिले होते. ‘या संघातून आजवर कोणीही बाहेर पडलेले नाही,’ असे विधान मी त्यात मोठ्या ठामपणे केले. व्याख्यान संपल्यावर भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मग ग्रीनलंडचे काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन शोधायला बसलो आणि त्या एका प्रश्नाने पुढे बराच काळ माझा पिच्छा पुरवला. माझी चूक कबूल करावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. व्यापारी संघातून एखाद्याने बाहेर पडणे न्याय्य आहे की नाही, हा वाद ब्रिटनच्या निमित्ताने जगभर झाला; पण त्या वादाची खरी कसोटी चाळीस वर्षांपूर्वीच्या या छोट्या प्रकरणात सापडते, असे माझे मत झाले आहे.

नकाशावर अवाढव्य दिसणाऱ्या या बेटावर १९८०च्या सुमारास जेमतेम पन्नास हजार माणसे राहत होती. बहुतेक इनुइट वंशाची, बर्फ नसलेल्या किनारपट्टीला धरून वसलेली, आणि मासेमारीवर जगणारी. १९५३पर्यंत ग्रीनलंड ही डेन्मार्कची वसाहत होती. त्या वर्षीच्या नव्या डॅनिश राज्यघटनेने वसाहत हा शब्द गेला आणि ग्रीनलंड डेन्मार्कचाच एक भाग ठरला. डॅनिश संसदेच्या १७९ जागांपैकी २ जागा त्याच्या वाट्याला आल्या.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी डेन्मार्कने युरोपीय आर्थिक समुदायात जावे की नाही, यावर सार्वमत घेतले. देशभरात सुमारे ६३ टक्के मते बाजूने पडली. ग्रीनलंडमध्ये मात्र दर दहापैकी सात मतदारांनी नकार दिला. पण मोजणी अख्ख्या देशाची एकत्र होती. १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क ब्रिटन आणि आयर्लंडसह समुदायात गेला, आणि ग्रीनलंडही त्याच्याबरोबर ओढले गेले. डेन्मार्कच्याच छत्राखालची फॅरो बेटे मात्र बाहेर राहिली, कारण त्यांना १९४८पासून स्वशासन होते आणि स्वतःपुरता निर्णय घेता येत होता. दोघांचेही पोट मासेमारीवर. एकाला निवड मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

ग्रीनलंडच्या विरोधाचे मूळ समुद्रात होते. समुदायाच्या सहा संस्थापक देशांनी सर्व सदस्यांना एकमेकांच्या समुद्रात समान प्रवेश देणारे मासेमारीचे तत्त्व मान्य केले ते ३० जून १९७० रोजी. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या चार नव्या इच्छुकांशी वाटाघाटी सुरू झाल्या तोही हाच दिवस. मासे मुख्यतः या चौघांच्या समुद्रात होते, आणि ते दाराशी उभे असतानाच घराचा नियम ठरवला गेला. नॉर्वेच्या जनतेने सप्टेंबर १९७२मध्ये प्रवेश नाकारला, त्यामागे मासेमारीचा प्रश्न हे एक मोठे कारण होते. ग्रीनलंडला किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरती काही वर्षांची सवलत मिळाली. पण १९७७मध्ये समुदायाच्या देशांनी उत्तर अटलांटिकमध्ये २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगितला, तेव्हा ग्रीनलंडभोवतीच्या त्या विस्तीर्ण पाण्यात कोणी किती मासे धरायचे, हे ब्रुसेल्समध्ये ठरू लागले.

१ मे १९७९ रोजी ग्रीनलंडला स्वशासन मिळाले. योनाथन मोट्सफेल्ट पहिले पंतप्रधान झाले. त्यांचा सिउमुत पक्ष समुदायातून बाहेर पडण्याच्या बाजूचा होता, तर अतास्सुत हा पक्ष आत राहावे म्हणणारा. २३ फेब्रुवारी १९८२ रोजी ग्रीनलंडने यावर स्वतंत्र सार्वमत घेतले. सुमारे ५३ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, ४७ टक्क्यांनी राहण्याचा. दोन्ही बाजूंतला फरक दीड हजार मतांच्या आतला होता.

इथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो एकाच बाजूचा नाही. राहा म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद हलके नव्हते. समुदायाच्या निधीतून ग्रीनलंडच्या विकासकामांना पैसा येत होता. तो घ्यायचा आणि मग निघून जायचे, हे कितपत बरोबर? पश्चिम जर्मनीच्या खोल समुद्रातील ट्रॉलरांचा प्रश्नही होता. १९७५मध्ये आइसलंडने आपली हद्द २०० मैलांपर्यंत वाढवल्यावर ब्रेमरहाफेन आणि कुक्सहाफेन या बंदरांतल्या खलाशांची जुनी मासेमारी आक्रसली होती. आता ग्रीनलंडचाही समुद्र गेला तर त्यांनी कुठे जायचे? शिवाय ४७ टक्के लोकांचे काय, त्यांच्यावर हा निर्णय लादणे न्याय्य कसे? आणि सगळ्यांत बोचरा प्रश्न असा, की सदस्यत्वाची बंधने सोडून युरोपच्या बाजारात मासे विकण्याची मुभा मात्र मागायची, हा कुठला न्याय?

जा म्हणणाऱ्यांचे उत्तर साधे होते. जे वचन आम्ही दिलेच नाही, ते मोडल्याचा दोष आमच्यावर कसा येतो? एकत्र कुटुंबातल्या कर्त्याने धाकट्या भावाला न विचारता, किंबहुना त्याने नको म्हटल्यावरही, भागीदारीच्या कागदावर सही केली. तर पुढे धाकट्याने वेगळे व्हायचे म्हटल्यावर त्याला दगाबाज म्हणता येत नाही.

हे उत्तर मला पटते, पण अर्धेच. प्रवेश सक्तीचा होता, एवढ्याने बाहेर पडण्याचा हक्क सिद्ध होतो. बाहेर पडण्याची रीत त्यातून न्याय्य ठरत नाही. बारा वर्षांत इतरांचे धंदे आणि इतरांच्या अपेक्षा त्या व्यवस्थेवर उभ्या राहिल्या होत्या. म्हणून पुढची तीन वर्षे काय झाले, ते पाहणे महत्त्वाचे.

१९५७च्या रोम करारात बाहेर पडण्याचे कलमच नव्हते. परराष्ट्र व्यवहार डेन्मार्ककडे असल्यामुळे ग्रीनलंडला स्वतः अर्जही करता येत नव्हता. डेन्मार्कची स्वतःची इच्छा ग्रीनलंडने राहावे अशी होती, तरी त्याने सार्वमताचा मान राखला आणि ग्रीनलंडच्या वतीने करार बदलण्याचा प्रस्ताव मांडला. दहाही सदस्य देशांची संमती लागणार होती. १३ मार्च १९८४ रोजी ब्रुसेल्समध्ये करारावर सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी १९८५पासून तो अमलात आला.

तडजोडीचे स्वरूप असे : ग्रीनलंड समुदायाशी संलग्न ‘सागरपार प्रदेश’ ठरले. त्याचे मासे युरोपच्या बाजारात शुल्कमुक्त जातील. त्याच्या बदल्यात युरोपच्या जहाजांना ग्रीनलंडच्या समुद्रात ठरावीक कोटा मिळेल. आणि त्या कोट्यासाठी समुदाय ग्रीनलंडला दरवर्षी २ कोटी ६५ लाख एक्यू देईल. एक्यू म्हणजे युरोच्या आधीचे हिशेबी चलन. म्हणजे जो समुद्र आधी सामाईक म्हणून वापरला जात होता, तोच आता मालकाला मोबदला देऊन वापरायचा होता. जर्मन ट्रॉलर एका रात्रीत हाकलले गेले नाहीत. ग्रीनलंडकडून येणारा मासाही थांबला नाही.

या व्यवहारातून मला तीन कसोट्या दिसतात. आत जाताना ज्याला विचारायला हवे होते त्याला विचारले होते का? निघताना मागे राहणाऱ्यांचे देणे चुकते केले का? आणि ज्यांचे मत हरले, त्यांना नव्या व्यवस्थेत जगता येईल याची काळजी घेतली का? ग्रीनलंडच्या बाबतीत पहिलीचे उत्तर ‘नाही’ असे आहे, म्हणून निघण्याचा हक्क बळकट होतो. दुसरीचे बऱ्याच अंशी ‘हो’ आहे. तिसरीचे उत्तरही बरेचसे ‘हो’ असेच, कारण बाजार आणि पैसा दोन्ही चालू राहिले.

याच कसोट्या ब्रिटनला लावल्या तर चित्र गुंतागुंतीचे होते. ब्रिटनने १९७५मध्ये स्वतंत्र सार्वमत घेऊन सुमारे ६७ टक्के मतांनी आत राहायचे ठरवले होते. म्हणजे त्याला न विचारता कोणी ओढून नेले, असे म्हणता येत नाही. निघण्याचा हक्क त्याला होताच. २००९पासून लागू झालेल्या लिस्बन करारात कलम ५० होते. पण २०१६मध्ये संपूर्ण ब्रिटनचा कौल ५१.९ टक्क्यांनी बाहेरच्या बाजूने लागला, तेव्हा स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी आणि उत्तर आयर्लंडच्या जवळपास ५६ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. १९७२मध्ये ग्रीनलंडला मोठ्याच्या मोजणीने आत नेले. २०२०मध्ये स्कॉटलंडला तशाच मोजणीने बाहेर आणले. दिशा उलट, गणित तेच. जे १९७२च्या गणिताला अन्याय म्हणतात, त्यांना २०१६च्या गणिताकडे काणाडोळा करता येणार नाही. स्कॉटलंड हा आधी स्वखुशीने जोडला गेलेला घटक आहे का, यावर वाद होईल. पण तो वाद टाळून निकाल देता येत नाही.

ग्रीनलंडच्या गोष्टीचा शेवट सरळ सुखाचा नाही. ज्या कॉड माशासाठी एवढे रान उठले, त्याचा साठा पुढच्या दहा वर्षांच्या आतच कोसळला. बेटाचा निर्यात व्यापार तरला तो मुख्यतः कोळंबीवर. सीलच्या कातड्याची कथा याहून कटू आहे. १९८३मध्ये समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. ती मुख्यतः कॅनडातल्या शिकारीकडे पाहून घातली होती. पण कातड्याचा सगळा बाजारच पडला, आणि मोठे सील मारून पोट भरणाऱ्या इनुइट शिकाऱ्यांचे उत्पन्न बुडाले. समुदाय सोडला तरी त्याच्या बाजाराची हुकमत सुटली नाही, आणि नियम ठरतात त्या खोलीतली खुर्ची मात्र गेली. बाहेर पडण्याची ही किंमत त्या ४७ टक्क्यांनी आधीच ओळखली होती, असे म्हणायला जागा आहे.

तरीही ग्रीनलंड परत आत गेलेले नाही. मासेमारीचा करार पुन्हा पुन्हा नव्याने होत राहिला, आणि मार्च २०२४मध्ये युरोपीय संघाने नूक या राजधानीत आपले कार्यालय उघडले. निरोप घेतल्यावरही जाणे-येणे चालू राहिले. निघणाऱ्याने हिशेब चुकता केला होता आणि मागे राहणाऱ्यांनी दार आपटले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले, असे मला वाटते.

त्या भूगोलाच्या शिक्षकांना हे सगळे सांगायचे राहून गेले. पुढच्या व्याख्यानात मात्र मी सुरुवात ग्रीनलंडपासूनच केली.