गुडघ्याचा निवाडा

खेळाच्या इतिहासात विजयांची नोंद होते, विक्रमांची होते. ज्या शरीरांच्या बळावर ते विजय मिळाले, त्यांची मात्र क्वचितच होते. आम्हां मराठी माणसांचा जीव मुळात क्रिकेटमध्ये गुंतलेला. परंतु बदलीच्या हुकुमाने ज्यांना कोलकात्यास वा शिलाँगला नेले, त्यांना फुटबॉलचे वेड म्हणजे काय हे सांगावयास नको. भर खेळात एखादा खेळाडू गुडघा धरून खाली बसला की सारे मैदान क्षणभर चिडीचूप होते. त्या गुडघ्याची कथा येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

२६ डिसेंबर १९६२ रोजी इंग्लंडातील संडरलंड येथे यजमान संघाचा बरी संघाशी सामना चालू होता. सत्तावीस वर्षांचा ब्रायन क्लफ चेंडूमागे धावत असता प्रतिपक्षाच्या गोलरक्षकावर आदळला आणि त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटले. सप्टेंबर १९६४ मध्ये तो मैदानावर परतला. पण अवघे तीन सामने खेळून त्याला निवृत्त व्हावे लागले. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द अशी एका टकरीत आटोपली. त्या काळी असा निकाल सर्वजण निमूटपणे मान्य करीत.

असे का व्हावे? मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जखडून ठेवणारे दोन अस्थिबंध गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा तुटला, तर सरळ चालणे बहुधा जमते. परंतु धावता धावता दिशा बदलताच गुडघा दगा देतो, आणि फुटबॉल हा तर दिशा बदलण्याचाच खेळ. शिवाय सांध्यातील द्रवात वेढलेला हा बंध आपण होऊन नीट सांधत नाही. लीड्सचे शल्यविशारद मेयो रॉबसन यांनी १८९५ साली एका खाणकामगाराचे तुटलेले बंध शिवून पाहिले होते. १९१७ मध्ये हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या आवरणाची पट्टी घेऊन नवा बंध घडविण्याची रीत मांडली. विद्या होती, पण खेळाडूस पुन्हा मैदानावर उभे करील अशी खात्री तिच्यात नव्हती.

योगायोग असा, की ज्या वर्षी क्लफ जायबंदी झाला त्याच १९६२ साली टोकियोत मासाकी वातानाबे यांनी बारीक दुर्बीण गुडघ्यात घालून फाटलेल्या कूर्चेचा तुकडा काढून दाखविला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला भाग घेऊन तुटलेल्या बंधाच्या जागी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन प्रवाहांचा संगम होण्यास मात्र दोन दशके लागली. क्लफच्या वाट्याला त्यांतले काहीच आले नाही.

तिसरा बदल हत्याराचा नव्हता, विचाराचा होता. शस्त्रक्रियेनंतर पाय आठवडेच्या आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवावयाचा, हा जुना दंडक. त्यामुळे सांधा आखडे आणि मांडीचे स्नायू वाळत. अमेरिकेतील शेलबोर्न यांच्या ध्यानात आले, की जे रुग्ण डॉक्टरांची आज्ञा मोडून लवकर पाय हलवितात, तेच अधिक चांगले बरे होतात! आज्ञाभंगातून हाती आलेला हा धडा त्यांनी १९९० मध्ये नित्झ यांच्यासह शास्त्रीय निबंधात मांडला, आणि लवकर हालचाल हा पुढे उपचाराचा नियम बनला.

१८ मे १९९१ रोजी वेंब्ली येथे इंग्लंडच्या चषकाचा अंतिम सामना झाला. टॉटनहॅमच्या पॉल गॅस्कॉइनने प्रतिस्पर्ध्यावर बेफाम झडप घातली आणि स्वतःच्याच गुडघ्याचा बंध तोडून घेतला. समोरच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाचा व्यवस्थापक होता ब्रायन क्लफ. गॅस्कॉइनचा एक सबंध मोसम बुडाला. पण सप्टेंबर १९९२ मध्ये तो इटलीत लाझिओकडून खेळू लागला. १९६२ चा अखेरचा निकाल १९९१ मध्ये नुसती तहकुबी ठरला होता.

तथापि तहकुबीचीही मुदत असते, हे ब्राझीलच्या रोनाल्डोने शिकविले. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याची कंडरा दुखावली. शस्त्रक्रिया झाली, आणि पाच महिन्यांच्या आत, १२ एप्रिल २००० रोजी, तो रोममध्ये पुन्हा मैदानात उतरला. काही मिनिटांतच ती कंडरा पूर्ण तुटली. या खेपेस त्याने वर्षाहून अधिक काळ धीर धरला. ३० जून २००२ रोजी योकोहामा येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल त्यानेच केले.

रोनाल्डोची कंडरा आणि क्लफचा अस्थिबंध या वस्तू निराळ्या. परंतु काळाचा हिशेब दोन्हींना लागू आहे. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, असे नॉर्वे व अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून २०१६ मध्ये दिसून आले. बसविलेला बंध शरीराने आपलासा करावा लागतो आणि त्याला लागणारा वेळ संघाच्या वेळापत्रकावर ठरत नाही. इतके करूनही गुडघा मूळचा होत नाही. उतारवयात सांध्याची झीज होण्याची भीती राहतेच.

म्हणून या इतिहासाचे श्रेय केवळ शल्यविशारदांच्या पदरात टाकणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. त्यांनी दार उघडले. त्यातून बाहेर येण्यासाठी खेळाडूला महिनोन्‌महिने रोज तेच कंटाळवाणे व्यायाम करावे लागले, तेही टाळ्यांवाचून. क्लफने व्यवस्थापक म्हणून फॉरेस्टला १९७९ व १९८० साली युरोपचा चषक मिळवून दिला, ही गोष्ट फार मोठीच. परंतु वेंब्लीच्या त्या दुपारी स्ट्रेचरवरून जाणारा गॅस्कॉइन त्याच्या दृष्टीस पडला असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हा प्रश्न आम्हांस सोडीत नाही.