जी-४१८ निवड

पेशींत बाहेरून घातलेले जनुक ज्या मोजक्या पेशींच्या गुणसूत्रांत कायमचे बसते, तेवढ्याच जगवून बाकीच्या मारण्यासाठी पेशीसंवर्धनात अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविके वापरतात. सस्तन पेशींसाठी त्यांत सर्वाधिक रुळलेले जी-४१८ (व्यापारी नाव जेनेटिसिन) मायक्रोमोनोस्पोरा रोडोरँजिया या जीवाणूपासून मिळते. निओमायसिन या पेशींना फारसे मारक नाही. जी-४१८ मात्र त्यांच्या ८०एस रायबोसोमवरच घाव घालून प्रथिननिर्मिती थांबवते. टीएन-५ ट्रान्सपोझॉनमधल्या ‘निओ’ जनुकाचे विकर या औषधाला फॉस्फेट जोडून ते निकामी करते. सदर्न आणि बर्ग यांनी १९८२ मध्ये हे जनुक एसव्ही-४० विषाणूच्या प्रवर्तकामागे जोडून पीएसव्ही-२-निओ हा प्लाझ्मिड मांडला.

मात्रा : दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा उसनी घेणे हे अपयशाचे नेहमीचे कारण. प्रत्येक पेशीवाणासाठी ती नव्याने ठरवावी लागते. साधारण १०० ते १,००० मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या चढत्या मात्रा वेगवेगळ्या खळग्यांत देतात, दर तीन-चार दिवसांनी माध्यम बदलतात आणि आठवडा-दीड आठवड्यात सर्व पेशी मारणारी सर्वांत कमी मात्रा निवडतात. भुकटीचा सगळा भाग क्रियाशील नसतो. मिलिग्रॅममागे सुमारे ७०० मायक्रोग्रॅम धरतात, पण खरा आकडा बाटलीवरचा. त्यामुळे नवा लॉट आला की चाचणी पुन्हा करणे श्रेयस्कर.

जनुक घातल्यावर विकर तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून औषध २४ ते ४८ तासांनी देतात. मरण संथ असते : पहिले काही दिवस पेशी धडधाकट दिसतात, एखाददुसऱ्यांदा विभागतातही, मग गोल होऊन तळ सोडतात आणि माध्यमात तरंगू लागतात. दाट पेरलेल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत. जनुक न घातलेल्या पेशींची थाळी सोबत हवीच. ती पूर्ण मेल्याशिवाय उरलेल्या वसाहतींवर विश्वास ठेवता येत नाही. एचईके-२९३टी पेशींत ‘निओ’ आधीच असल्याने तिथे ही निवड व्यर्थ ठरते. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींखालच्या पोषक पेशीही ‘निओ’धारी लागतात.

इतर औषधे : हायग्रोमायसिन-बी हेही अमिनोग्लायकोसाइडच, पण त्याचे प्रतिरोधक जनुक वेगळे, प्युरोमायसिन या गटातले नाही.

वनस्पती : हरितलवकांचे रायबोसोम जीवाणूंसारखे असल्याने येथे कॅनामायसिन पुरते, प्रतिरोध नसलेली रोपे पांढरी पडतात. ‘निओ’ येथे एनपीटी-२ या नावाने ओळखले जाते. २००२ मध्ये भारतात मंजूर झालेल्या, जालन्याच्या महिकोने आणलेल्या बीटी कापसात ते आहे. पिकांत असे जनुक राहू द्यावे की नाही, यावर मतभेद आहेत.