पाते, मूठ आणि पुसलेली अक्षरे

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत बफिंगचे गाळे आहेत. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आजोळहून आलेली एक सरळ पात्याची तलवार मी तिथल्या एका गाळ्यात चकचकीत करून घेतली. कारागिराने सांगितले तेवढेच काम केले. चूक माझी होती. पात्याच्या खोबणीत, मुठीपासून वीतभर अंतरावर, काही पुसट अक्षरे होती. लहानपणी त्यांवरून बोट फिरवल्याचे मला आठवते. तलवार घरी आणली तेव्हा पाते आरशासारखे झाले होते आणि अक्षरे गेली होती. शिवाय पाते मुठीत खुळखुळू लागले होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. त्या खुळखुळण्याने माझा अभ्यास सुरू झाला.

आपल्याकडील बहुतेक तलवारींची मूठ आतून पोकळ असते. पात्याचा मागचा निमुळता भाग आखूड ठेवतात. पोकळीत लाख किंवा राळ, तिच्यात बहुधा विटेची पूड, असे मिश्रण भरतात. तो भाग तापवून आत दाबतात. गार झाले की पाते घट्ट बसते. ऊब लागली की हाच सांधा सैल होतो. बफिंगच्या चाकाने पाते तापले आणि लाख सुटली, असा उलगडा मला पुष्कळ उशिरा झाला. पण हा सांधा कच्चा नव्हे. मूठ झिजली, मोडली, तर पाते सोडवून दुसऱ्या मुठीत बसवता यावे, अशी ती सोय आहे.

याच सोयीमुळे परदेशी पाते मराठी हातात रुळले. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर येणारी लांब, सरळ पाती इथल्या मुठीत बसवली जात. तिला नाव पडले फिरंग. जर्मनीतील सोलिंगेन हे अशा पात्यांचे एक मोठे केंद्र. पासाउ गावची धावत्या लांडग्याची खूण सोलिंगेनचे कारागीरही वापरू लागले, आणि युरोपीय खुणांच्या नकला हिंदुस्थानातही झाल्या. त्यामुळे खूण आहे म्हणून पाते तिथलेच, असे ठरत नाही. अक्षरांचे वळण, ठसा किती खोल, खोबणीची घडण हे सारे एकत्र पाहावे लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात परत आली. पाते युरोपीय घडणीचे, एकधारी. पाठीवर सोनेरी देवनागरी अक्षरांत धन्याचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द. ती अक्षरे नसती तर ती तलवार कोणाची, हे कशावरून सांगणार होतो? माझ्या आजोळच्या पात्यावर कोणाचे नाव होते, की सोलिंगेनचे, की नकलेचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारची एक मुलगी तिचे सेबर घेऊन आली. ती तलवारबाजी खेळते. “काका, मूठ हलतेय.” तिच्या पात्याच्या मागच्या टोकाला आटे होते. पाते हाताच्या वाटीतून आणि मुठीतून आरपार जाते, मागून आवळले की सगळे एकत्र बसते. लाखेच्या जागी आटे, पण विचार तोच: पाते बदलता आले पाहिजे. वाकलेले पाते ती बुटाच्या तळव्याखाली धरून हळूहळू ओढत सरळ करते. बाक नियमात चार सेंटिमीटरच्या आत लागतो. मात्र एकाच जागी कोन पडला, चीर दिसली, की पाते बाद. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्ह यांचा प्रतिस्पर्ध्याच्या तुटलेल्या पात्याने मृत्यू झाला. पोलाद, मुखवटा आणि पोशाख यांचे नियम त्यानंतर कडक झाले.

तिला पात्याची चीर शोधावी लागते, मला खूण. दोघांनाही पाते उजेडात तिरके धरून, इंच इंच पाहावे लागते. पूर्वी हे काम शिकलगार करीत. आता ते घरच्यांवर आले आहे.

वसईच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड टिकवणे कठीण. खंडेनवमीला आपण शस्त्राला पाणी, हळदकुंकू, फुले वाहतो आणि तसेच ठेवतो. ओल तिथेच धरते. पूजा अवश्य करा, पण संध्याकाळी पाते कोरड्या मऊ कापडाने पुसा. खोबरेल तेल चिकट होते. शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात पुरतो. घामाच्या बोटांनी पाते धरू नका. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका. जुना, काळपट, घट्ट बसलेला थर राहू द्या. लाल भुकटी सुटत असेल तेवढीच तेल लावून, बांबूच्या काडीने अलगद काढा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, चाक हे नको. मूठ सैल असेल तर शेगडीवर धरू नका, जाणकाराला दाखवा.

आणि काहीही करण्याआधी बाजूने उजेड पाडून दोन्ही अंगांचे फोटो काढा.

माझी तलवार आता पुन्हा काळपट होऊ लागली आहे. दर नवमीला मी तिच्या खोबणीवरून बोट फिरवतो. ती जागा अगदी गुळगुळीत लागते.