दारावरची नोंदवही

  फायरवॉलसारख्या रुक्ष गोष्टीची चर्चा कोण करणार? तरीही लोड टेस्टमध्ये सर्व्हर संथ वाटला, तर पहिला संशय फायरवॉलवरच घ्यावा. सुरुवातीच्या फायरवॉल प्रत्येक पॅकेट सुटे तपासत आणि विसरून जात. 1990च्या दशकात त्या चालू जोडण्यांची नोंद ठेवू लागल्या. 2001च्या लिनक्स 2.4 मध्येही ही सोय आली. सुरक्षा वाढली खरी, पण नोंदतक्ता भरला की नवी जोडणी दारातच अडते आणि सर्व्हरचा प्रोसेसर निवांत बसतो. मग जास्त गिगाबिटची फायरवॉल घ्यावी, असे कुणी म्हणेल. पण जाहिरातीतला तो आकडा बहुधा मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो. हजारो अल्पजीवी जोडण्यांपुढे तीच फायरवॉल कितीतरी आधी थकते.