कॅथरीनचीं दहा वर्षें

इ. स. १५३३ च्या ऑक्टोबर महिन्यांत मार्सेय बंदरांत एक लग्न झालें. वधू फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यांतील कॅथरीन. वर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याचा दुसरा मुलगा हेन्री. दोघेंहि चौदा वर्षांचीं. लग्नास पोप सातवा क्लेमेंट जातीनें आला होता, कारण जन्मानंतर महिन्याभरांतच आईबापांना पारखी झालेली ही मुलगी त्याच्या नात्यांतली होती. पोपनें मोठा हुंडा कबूल केला. परंतु पुढच्याच वर्षीं तो वारला, नव्या पोपनें उरलेली रक्कम नाकारली, आणि ही सून सावकाराच्या घरची, आणि तीहि रिकाम्या हातानें आलेली, अशी दरबारांत कुजबुज सुरू झाली. तरी थोरला दीर हयात होता तोंपर्यंत तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. १५३६ च्या ऑगस्टांत तो अकस्मात् वारला. हेन्री युवराज झाला, आणि त्या दिवसापासून सतरा वर्षांच्या या मुलीच्या कुशीकडे सारें राज्य पाहूं लागलें.

दोन वर्षांनीं तिच्याविरुद्ध जणूं पुरावाच मिळाला. इटलीतील मोहिमेवर असतां हेन्रीचा एका तरुणीशीं संबंध आला होता. तिला १५३८ सालीं मुलगी झाली. पुरुष निर्दोष ठरला! मग दोष कोणाचा हें विचारण्याची गरजच दरबाराला उरली नाहीं. ही तर्कपद्धति केवळ फ्रेंचांची नव्हे, हें श्रोत्यांस सांगावयास नको. युवराजानें ही बायको टाकून दुसरी करावी अशी भाषा उघडपणें होऊं लागली.

कॅथरीननें केलेल्या उपायांचीं वर्णनें इतिहासकारांनीं दिलीं आहेत. तीं वाचतांना हंसूं येतें, आणि लगेच तें ओसरतें. शेणांत सांबराच्या शिंगाची पूड कालवून लेप घेणें, खेचराचें मूत्र पिणें, आणि खेचर स्वतः वांझ म्हणून त्यावर कधींहि न बसणें! पिंपळाला फेऱ्या, गंडे, ताईत, नागाचीं व्रतें हें सर्व ज्या समाजानें पाहिलें आहे त्यानें या राजस्त्रीच्या भोळेपणाला नांवें ठेवूं नयेत. ज्याला कोणी खरें कारण सांगत नाहीं तो माणूस मिळेल तो उपाय करतो.

परंतु तिनें आणखी एक गोष्ट केली. व्हेनिसच्या वकिलानें ती पुढें आपल्या अहवालांत लिहून ठेवली आहे. ती सरळ सासऱ्याकडे गेली. डोळ्यांत पाणी आणून तिनें सांगितलें कीं, युवराजासाठीं दुसरी वधू पाहत आहेत असें ऐकलें. देवानें मूल दिलें नाहीं, तेव्हां आपण मठांत जाऊं, अथवा जी भाग्यवान् स्त्री येईल तिची सेवा करीत राहूं. फ्रान्सिस राजा विरघळला. ज्या अर्थीं देवानेंच तिला या घरांत सून म्हणून आणलें त्या अर्थीं तिला येथून कोणी हलविणार नाहीं, अशा आशयाचें अभय त्यानें दिलें. यांत मुत्सद्दीपणा किती आणि असहायता किती, याचा वाद घालतां येईल. पण ज्या भीतीविषयीं सारा दरबार पाठीमागें बोलत होता ती तिनें तोंडावर बोलून दाखविली, आणि तिच्या मनावरचें सर्वांत मोठें ओझें खेचराच्या मूत्रानें नव्हे, तर सासऱ्याच्या शब्दानें उतरलें. एरवीं ती राजाबरोबर घोड्यावर बसून शिकारीला जाई, ग्रीक शिके, ग्रहताऱ्यांचें गणित पाही. त्यामुळें निदान दिवसाला वाट पाहण्यापलीकडे कांहीं विषय मिळाला.

दुसरें साहाय्य अनपेक्षित ठिकाणाहून आलें. हेन्रीचें मन ज्या दियान द प्वातियेनें जिंकलें होतें, ती कॅथरीनहून सुमारें वीस वर्षांनीं वडील. नवी, देखणी, हट्टी युवराज्ञी येण्यापेक्षां ही शांत मुलगीच तिला परवडणारी होती. म्हणून तीच हेन्रीला बायकोच्या महालीं धाडूं लागली. सवतीच्या या कृपेनें कॅथरीनच्या मनाला काय वाटलें असेल तें वेगळें सांगणें नको.

शेवटीं जाँ फर्नेल या वैद्याचा सल्ला घेतला गेला अशी परंपरा आहे. गाडीच्या चाकाचे फेरे मोजून पृथ्वीचें माप काढणारा हा माणूस. त्यानें पतिपत्नी दोघांचाहि विचार केला असें सांगतात, आणि हेन्रीच्या शरीरांत कांहीं जन्मजात व्यंग असल्याचे उल्लेखहि आहेत. शुक्रजंतु १६७७ सालीं व सस्तन प्राण्यांचें स्त्रीबीज १८२७ सालीं दृष्टीस पडलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोघांकडे पाहण्याची ती दृष्टि किती पुढची होती हें कळतें. वंध्यत्वाच्या सुमारें निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाहि वाटा असतो हें आज मान्य झालें आहे. तरी पहिली तपासणी पुष्कळ घरांत अजूनहि सुनेचीच होते.

१९ जानेवारी १५४४ रोजीं फॉन्तेनब्लोच्या राजवाड्यांत पाळणा हलला. पुढें १५५६ पर्यंत कॅथरीनला एकूण दहा मुलें झालीं. ‘चिंता सोड म्हणजे मूल होईल’ असें जें सुनांना सांगतात, त्याला या चरित्रांत आधार नाहीं.  २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, उपचारापूर्वींच्या मानसिक त्रासाचा त्या उपचाराच्या यशापयशाशीं संबंध आढळला नाहीं. चिंता हलकी करावयाची ती स्वतःच एक दुःख आहे म्हणून. त्या दुःखांत अपराधाची भर घालण्यास शास्त्राची संमति नाहीं.

कॅथरीनचे तीन मुलगे राजे झाले, पण गादीला औरस नातू मिळाला नाहीं. तिसऱ्या हेन्रीनें आणि त्याच्या राणीनें संततीसाठीं शार्त्रच्या देवळाच्या वाऱ्या केल्या. १५८९ सालीं त्या राजाबरोबर घराणेंच संपलें. मुलगी मार्गरीत चौथ्या हेन्रीला दिली होती. तिलाहि मूल झालें नाहीं, आणि आईवर येऊं घातलेला प्रसंग १५९९ सालीं तिच्यावर आला: विवाह रद्द झाला. दुसरी राणी आली ती मेदिची घराण्यांतलीच, मारी. १६०१ सालीं तिला मुलगा झाला, तोहि फॉन्तेनब्लोलाच. मार्गरीत १६०५ सालीं पॅरिसला परतली, नव्या राणीशीं सलोख्यानें राहिली, आणि आपली मालमत्ता तिनें त्या मुलाच्या नांवें करून दिली.