मतांनी ठरणारा विजेता मैदानात उतरला

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात १८९० पासून नववर्षाला फुलांनी मढवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते. १९०२ साली संयोजकांनी तिला अमेरिकी फुटबॉलच्या सामन्याची जोड दिली. मिशिगन विद्यापीठाचा संघ त्यासाठी खास बोलावलेला. त्या मोसमात त्याने आधीच्या दहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नव्हता. समोर होते स्टॅनफर्ड. ४९-० अशी धूळधाण उडाल्यावर, आठ मिनिटे बाकी असतानाच स्टॅनफर्डने खेळ आवरता घेण्याची विनंती केली.

संयोजकांचा विरस झाला. पुढची काही वर्षे फुटबॉलच्या जागी रथांच्या शर्यती लागल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परतला तो कायमचा, आणि १९२२ साली त्यासाठी रोझ बोल हे भव्य मैदान उभे राहिले. पुढे मायामी, न्यू ऑर्लिन्स, डॅलस या शहरांनीही आपापले ‘बोल’ सामने सुरू केले.

गर्दी जमली, पैसा आला. पण विद्यापीठ संघांमधला देशाचा विजेता मात्र यातल्या कुठल्याच सामन्यात ठरत नव्हता. प्रत्येक शहराचे ठरावीक विद्यापीठगटांशी करार असत, त्यामुळे सर्वोत्तम दोन संघांची गाठ पडलीच तर ती योगायोगाने. विजेता ठरे मतांवर. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांचा कौल घेऊ लागली, १९५० पासून प्रशिक्षकांचाही स्वतंत्र कौल सुरू झाला. प्रशिक्षकांचे अंतिम मतदान तर बोल सामन्यांच्या आधीच उरकत असे. १९७३ मध्ये त्यांनी अलाबामाला विजेता ठरवले, आणि ३१ डिसेंबरला नोट्र डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. मुकुट मात्र अलाबामाच्या डोक्यावरच राहिला! पुढच्या मोसमापासून प्रशिक्षक बोल सामन्यांनंतर मत देऊ लागले, तरी मूळ दुखणे कायम होते. १९९७ च्या मोसमात मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले. करारांमुळे एक पॅसाडिनाला गेला, दुसरा मायामीला. पत्रकारांनी एकाला निवडले, प्रशिक्षकांनी दुसऱ्याला. वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंना आपापसातला निकाल लावण्याची संधीच मिळाली नाही, हा अन्याय दोन्ही संघांवर होता.

१९९८ च्या मोसमापासून पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना एकमेकांसमोर आणणारी पद्धत आली. तिच्यातही वाद झाले, पण ४ जानेवारी २००६ च्या रात्री रोझ बोलमध्ये तिने आपले सार्थक करून दाखवले. सदर्न कॅलिफोर्निया सलग ३४ सामने जिंकून आलेला, टेक्सास सलग १९. मैदानात ९३ हजारांहून अधिक प्रेक्षक.

साडेसहा मिनिटे उरली तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया ३८-२६ असा पुढे होता. टेक्सासचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा मुख्य खेळाडू, व्हिन्स यंग याने अंतर ३८-३३ वर आणले. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकावे लागते; नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. दोन मिनिटे राहिली असताना सदर्न कॅलिफोर्नियाला चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे होते. लांब लाथाडून चेंडू दूर धाडण्याऐवजी त्यांनी धडक द्यायचे ठरवले. चेंडू घेऊन धावलेल्या त्यांच्या लेंडेल व्हाइटला टेक्सासच्या बचावफळीने थोडक्यात रोखले.

मग यंगने संघाला गोलरेषेजवळ नेले. २६ सेकंद उरलेले, पुन्हा चौथा प्रयत्न, हवे होते पाच यार्ड. चेंडू हाती येताच त्याने सहकाऱ्यांकडे नजर टाकली, पास द्यायला कोणी मोकळे दिसेना, आणि तो उजव्या कोपऱ्याकडे सुसाट सुटला. कोणी हात लावण्याआधी तो रेषेपार होता. अखेरचा निकाल टेक्सासच्या बाजूने ४१-३८. त्या रात्री त्याने पळून २०० आणि पास देऊन २६७ यार्ड कमावले.

त्या निकालावर कोणाच्या मताची मोहोर लागत नव्हती. तरीही अंतिम सामन्यात कोण खेळणार हे मतांवर आणि संगणकांच्या गुणांकनावरच ठरत राहिले. २०१४ च्या मोसमापासून चार संघांची बाद फेरी आली, तिची निवड समितीकडे. २०२३ मध्ये तेरापैकी तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला समितीने वगळले. पुढच्याच मोसमात दार बारा संघांना उघडले. त्यातून आत आला दोन सामने हरलेला, आठवे मानांकन मिळालेला ओहायो स्टेट. त्याने अव्वल मानांकित, तोवर अपराजित ओरेगनला रोझ बोलमध्ये ४१-२१ असे लोळवले आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोट्र डेमवर ३४-२३ अशी मात करून विजेतेपद पटकावले.